कुसुमच्या पोथीची समाप्ती

माझ्या आवडत्या कादंबरीचं नाव मला माहीत नाही. लेखकाचंही नाही. इथं हैदराबादेत आमच्या कॉलनीतल्या मराठी बायका महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतात आणि वाचलेल्या पुस्तकांवर बोलतात. सातवीत शाळा सुटलेली मी त्यांच्यात बसते. बसताना दर वेळी मी दाराजवळची जागा धरते आणि उठताना दर वेळी या बायकांचे उपकार वाटतात. मागच्या वेळी प्रत्येकीनं आपली आवडती कादंबरी, आवडता लेखक आणि वाचायची सवय सांगायची होती. एक म्हणाली, मी आडवं पडल्याशिवाय वाचूच शकत नाही. एकीला पेन्सिल लागते. एकीला आधी पुस्तकाचा वास घ्यावा लागतो. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, मी शेवटचं पान आधी वाचते. सगळ्या हसल्या. "अहो, मग मजा काय राहिली?" मीही हसले, रिकामे कप उचलायच्या निमित्तानं आत गेले आणि तिथं ते एक एक करून विसळत राहिले. त्या सवयीचं कारण मला त्यांना सांगता आलं नाही. ते इथं लिहिते. लिहून तरी होतंय का बघू.

मराठवाड्यातल्या परतूरहून जीपनं अर्धा तास लागायचा एवढं आमचं गाव लांब. आमच्यात पूर्वी मेंढरं होती. माझ्या वेळेपर्यंत मेंढरं गेली, थोडी शेती राहिली आणि घोंगड्या राहिल्या. माझे वडील आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठेबाबा, यांची घरं एकाच अंगणात होती. माय दिवसभर रोजानं शेतावर, म्हणून मी वाढले ती मोठेबाबांच्या बायकोच्या, मोठीमायच्या चुलीपाशी. तिच्या हातची येसराची, म्हणजे भाजल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि ज्वारीची भाकरी. भाकरी थापताना ती बोलायची नाही, पण तिच्या बांगड्या बोलायच्या, आणि त्या आवाजावरून आज घरात काय वारं आहे ते मला कळायचं. आठवी परतूरला होती. पोरीनं रोज जीपमध्ये लोंबकळत जायचं कशाला, म्हणून मी सातवीनंतर घरी बसले. त्याचं दुःख मला तेव्हा फार झालं नाही, कारण ग्रामपंचायतीच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली आमच्या जुन्या गुरुजींकडं होती. "एका वेळी एकच पुस्तक, आन पहिलं आणल्याबिगर दुसरं न्हाई," हा त्यांचा नियम.

कापसाची शेवटची वेचणी झाली की झाडावर न फुटलेली बोंडं राहतात. ती तोडून पोत्यानं घरी आणायची आणि अंगणात ढीग घालून बायकांनी दुपारभर फोडत बसायचं. कट्ट करून बोंड फुटतं, आतला पिवळसर कापूस बोटानं ओढून काढायचा, टरफल मागं टाकायचं. सहा-सात बायका बसल्या की कट्ट कट्ट असा आवाज सारखा चालू राहतो. मला तो आजही ऐकू येतो. इथं कुणी भुईमुगाच्या शेंगा फोडायला लागलं तरी मी मान वर करते. तर तिथं मी वाचायची. कसं सुरू झालं ते आठवत नाही. पण कादंबरी कशी वाचतात हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. पोथी कशी वाचतात ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणून कादंबरीची पोथी झाली. पुस्तकाला लाल फडकं, ठेवायला चौरंग, हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही. मी एक परिच्छेद वाचायचा आणि मग त्याचा अर्थ सांगायचा. सुरू केलेली पोथी अर्धी सोडायची नाही. संपली की समाप्ती, म्हणजे नारळ, गुळाचा शिरा, आणि मी फळश्रुती सांगायची: ही पोथी जी ऐकेल तिला काय फळ मिळेल. पुस्तकात फळश्रुती कुठली असणार? ती मी माझ्या मनानं रचायची. आणि वाचणारीचे हात पुस्तकात अडकलेले, तिचं काम मागं पडू नये, म्हणून प्रत्येक बाई मधून मधून आपल्या ढिगातला मूठभर कापूस माझ्यापुढं टाकायची. त्याला वाचणारीचा ढीग म्हणायचे. संध्याकाळी माझा ढीग बहुतेक सगळ्यांपेक्षा मोठा असायचा. माझं सगळं शिक्षण त्या मुठींवर झालं, असं मी मानते.

शेजारच्या गोदाकाकूला धीर नव्हता. लेखकानं दीड पान चांदणं लिहिलं की ती म्हणायची, "चांद उगवला न्हवं? कळलं की आम्हाला. चल पुढं, जल्दी." पुस्तकातल्या सासूला ती तोंडावर शिव्या घालायची. "म्हणावं, यी एकदा आमच्या गल्लीत!" मोठीमाय मात्र पाठ भिंतीला लावून, मान खाली घालून ऐकायची. आणि तिच्याशेजारी, त्या वर्षी, कौसाआक्का.

आक्का मोठीमायची थोरली लेक. तिला मंठ्याकडच्या एका गावात दिलं होतं. दिवाळीला म्हणून माहेरी आली ती परत गेलीच नव्हती. तिचा नवरा तिच्याशी बोलत नसे. म्हणजे बोलायचा, पण म्हशीला सांगून. "हिला म्हणावं पानी आण. हिला म्हणावं भाकरी करपली." आक्का ही गोष्ट नक्कल करून सांगायची आणि बायका पोट धरून हसायच्या. गोदाकाकू विचारायची, "आन म्हैस काय म्हणायची?" आक्का म्हणायची, "म्हैस शहाणी. ती गप रहायची." पण तिच्या डाव्या हाताचं मनगट वाकडं बसलेलं होतं. बैलानं ढकललं असं ती सांगे. त्या हातानं बोंड धरताना ती ओठ आत ओढायची, ते मला दिसायचं, कारण मी चौरंगावरून सगळ्यांकडं तोंड करून बसलेली असायची. तिच्या सासरी बैल नव्हता हेही मला माहीत होतं. माझ्या वाट्याचं पाणी भरणं, शेणकूर काढणं आक्का सकाळीच उरकून टाकायची. "तू दुपारच्याला ताजी रहा," म्हणायची, "आवाज बसू देऊ नको."

त्या हंगामात गुरुजींनी दिलेल्या पुस्तकाची पहिली काही पानं आणि पुठ्ठा गेलेला होता. नावच नाही. नायिका कुसुम, म्हणून ती कुसुमची पोथी झाली. कुसुमला सासरी फार त्रास. ती सोसते, सोसते, आणि एका पहाटे दार उघडून बाहेर पडते. अशी जागा आली की अंगणातला कट्ट कट्ट आवाज हळूहळू थांबायचा. बायका पुस्तकाकडं बघायच्या नाहीत, आक्काकडंही बघायच्या नाहीत, आपल्या हातातल्या बोंडाकडं बघायच्या.

तेवढ्यात मंठ्याकडून निरोप आला की सोमवारी न्यायला येतो. मोठेबाबा अंगणात उभे राहून म्हणाले, "कौसे, तयारी करून ठेव." मोठीमाय आतून म्हणाली, "पोथी लागलीय. पोथी अर्धी टाकून लेक धाडत न्हाईत." मोठेबाबा देवाधर्माचा माणूस. त्यांनी निरोप तसाच माघारी धाडला. तो सोमवार गेला. पुढचा निरोप आला तसं मोठेबाबांनी विचारलं, "किती राह्यली पोथी?" "लई राह्यली," मोठीमाय म्हणाली. आक्काला कुणी विचारलं, जाणार का गं, तर ती म्हणायची, "कुसुमचं काय होतंय ते बघू दे. मंग सांगते."

एका दुपारी बायका यायच्या आधी मोठीमाय माझ्याजवळ येऊन बसली. पुस्तकाचं लाल फडकं तिनं उगीचच नीट केलं. म्हणाली, "सुमे, हळू वाच बाई. घाई कशाची? कालचं बी परत वाचत जा. मला उमगत न्हाई लौकर." मी मान हलवली. मला वाटलं, हिला कानानं कमी ऐकू येतं. तेरा वर्षांच्या पोरीला दुसरं काय वाटणार, असं मी स्वतःला किती वर्षं समजावते आहे. पण तेरा वर्षांच्या मला बैल नाही हे कळत होतं, मग हे का कळलं नसावं?

खरं सांगायचं तर मला घाई होती. परतूरहून गुरुजींच्या कपाटात नवी पुस्तकं आली होती. मी दारातून बघून आले होते, कोऱ्या पुठ्ठ्यांची, एकमेकांना चिकटलेली. "पहिलं आण," गुरुजी म्हणाले. मी दुपारी चार पानांऐवजी दहा पानं वाचायला लागले. अर्थ थोडक्यात उरकायला लागले. गोदाकाकू खूश. मोठीमाय एकदा म्हणाली, "सुमे, कालचं?" मी म्हटलं, "झालंय ते, मोठीमाय." तिनं पुन्हा विचारलं नाही.

समाप्तीच्या दिवशी सकाळी मी विहिरीच्या काठावर बसून शेवट वाचून घेतला, अर्थ तयार करायला. शेवट असा होता. कुसुम चालत चालत माहेरच्या दाराशी येते. दार वाजवायचं धाडस तिला होत नाही. तेवढ्यात आईच दार उघडते. आई काही विचारत नाही. एवढंच म्हणते, "आत ये, ताट वाढलंय." आणि कादंबरी संपते.

मी पुस्तक मिटून फडक्यात गुंडाळलं. आदल्या साली एका पुस्तकात पोरगी पळून गेली होती, तर मोठेबाबांनी महिनाभर वाचन बंद केलं होतं. लाल फडकं खुंटीला टांगलेलं मी रोज बघत होते. आता बाईनं नवरा सोडला आणि पुस्तकानं तिला चांगलं म्हटलं, हे मी अंगणात मोठ्यानं वाचलं तर? मोठीमाय काय म्हणेल, मोठेबाबा काय म्हणतील? कपाट कायमचं बंद. कोरे पुठ्ठे डोळ्यांपुढं आले. आक्काचं मनगट नाही आलं. तसंच झालं म्हणून तसंच लिहिते.

दुपारी गुळाच्या शिऱ्याचा वास सगळ्या अंगणात होता. मी वाचत आले, कुसुम दाराशी आली, आणि तिथून पुढं मी माझ्या मनानं बोलायला लागले. आईनं दार उघडलं. आई म्हणाली, बाई, दिल्या घरीच तुझी जागा. मग मी कुसुमला माघारी नेलं, नवऱ्याला उंबऱ्यात उभं केलं, त्याला रडवलं, तिच्या पायाशी बसवलं. मला फार सुंदर सुचत होतं. गोदाकाकूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. फळश्रुतीही मी थाटात सांगितली: जी ही पोथी ऐकेल ती माघारी जाईल आणि तिचा संसार गोड होईल. नारळ फुटला. बायकांनी मुठी मुठी कापूस माझ्यापुढं टाकला.

मोठीमाय रडली नाही. तिच्यापुढं बोंडं तशीच पडलेली होती. ती उठली, पदर झटकला आणि घरात गेली. आक्कानं माझ्याकडं बघितलं. "सुमे," ती म्हणाली, "असंच लिवलंय का?"

"व्हय आक्का. बराबर असंच लिवलंय."

तिनं आपला अख्खा ढीग दोन्ही हातांनी उचलला, मूठभर नव्हे, सगळा, आणि माझ्या ढिगावर आणून टाकला. मला वाटलं, माझं वाचन तिला फार आवडलं.

पुढच्या सोमवारी ती गेली. जीपमध्ये पुढच्या सीटवर दीर, मागं ती, मांडीवर बोचकं. मोठीमाय दाराच्या आत उभी होती, बाहेर आली नाही. मी त्याच संध्याकाळी गुरुजींकडून कोरं पुस्तक आणलं.

आक्का पुन्हा माहेरी राहायला आली नाही. सणाला नाही, लग्नकार्याला आली तर त्याच दिवशी माघारी. चार वर्षांनी माझं लग्न झालं, नवरा इथं बिस्किटाच्या कारखान्यात, परतूरच्या स्टेशनवरून गाडीत बसले ती इकडचीच झाले. मोठीमाय शेवटच्या आजारात दोन महिने अंथरुणावर होती. मी चार दिवस जाऊन आले. तिची खाट तिनं दाराकडं तोंड करून ठेवायला लावली होती. जीपचा आवाज आला की मान उचलायची. आक्काला तीन निरोप गेले. ती आली ती दहाव्याला.

त्यानंतर काही वर्षांनी परतूरला आमच्याकडच्या एका लग्नात आक्का भेटली. मांडवामागं, आचाऱ्यांच्या कढयांच्या पलीकडं, आम्ही दोघी लसूण सोलत बसलो. तिचा नवरा तेव्हा जिवंत होता. मी विचारलं, "बोलतात का गं आता?" ती म्हणाली, "म्हैस इकली. आता भिंतीला सांगत्यात." ती हसली, आणि मला ते सहन झालं नाही. मी तिला सांगून टाकलं. म्हटलं, आक्का, कुसुम माघारी गेली नव्हती. तो शेवट मी रचला होता.

आक्काचे हात थांबले नाहीत. "ठाऊक हाय मला," ती म्हणाली.

"कसं?"

"तू पान उलटलं न्हाई. इतकं बोललीस, रडवलंस सगळ्यांला, आन पान येकदा बी उलटलं न्हाई. मला वाचता येत न्हाई, पर दिसत व्हतं की."

"मंग गेलीस कामून?"

तिनं लसणाची पाकळी ताटात टाकली. "तुला येवढं कुठून सुचणार? मायनं सांगितलं आसंल. तिला मला तोंडावर म्हणवंना, म्हणून तुझ्या तोंडून म्हणली, दिल्या घरी जा. मंग कशाला रहायचं? आन परत कशाला यायचं?"

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मोठीमायनं मला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते उलटं, हळू वाच. ती माऊली नवऱ्यापुढं लेकीची बाजू घेऊ शकत नव्हती, म्हणून एका पोथीच्या आडोशानं लेकीला एक एक दिवस घरात ठेवत होती. त्या पुस्तकात तिच्याच मनातलं वाक्य छापलेलं होतं, आणि मी ते वाचलं नाही. हे सगळं मला त्या लसणाच्या ताटापाशी एकदम उमगलं, आणि मी तोंड उघडलं नाही. मोठीमाय गेलेली, तिच्यावर आळ तसाच राहू दिला. आक्कानं मला पोरपणाची माफी दिली होती, ती माफी परत जाईल या भीतीनं. मांडवातून कुणीतरी हाक मारली आणि मी उठून गेले.

त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. मी शेवटचं पान आधी वाचते ते एवढ्यासाठी. पुस्तक कुणाला देण्याआधी, कुणाला वाचून दाखवण्याआधी, ते पान जागेवर आहे ना, हे मला बघावं लागतं.

इथपर्यंत लिहिलं आणि तीन दिवस कागद डब्याखाली ठेवून दिले. चौथ्या दिवशी आक्काला फोन लावला. तिचा नवरा गेला. ती नातीजवळ असते, डोळ्यांनी अंधुक दिसतं. नातीनं फोन तिच्यापुढं ठेवला. पलीकडून कट्ट कट्ट आवाज येत होता.

"काय करून राह्यलीस, आक्का?"

"तुरीच्या शेंगा सोलते. तू बोल."

"बोलत न्हाई. वाचते. मी लिवलेलं हाय."

"तू लिवलेलं?" ती हसली. "वाच की मंग."

मी वाचलं. बायकांच्या बैठकीपासून वाचलं, गोदाकाकू आली तेव्हा ती मोठ्यानं हसली. प्रत्येक पान मी फोनजवळ नेऊन उलटत होते, कागदाचा आवाज तिला जावा म्हणून. मोठीमाय पुस्तकाचं फडकं नीट करते तिथं आले, आणि शेंगांचा आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला नाही. मी तशीच पुढं वाचत गेले, विहिरीवरून, समाप्तीवरून, मोठीमायच्या खाटेवरून, लसणाच्या ताटावरून, तिनं मला दिलेल्या आणि मी चोरून ठेवलेल्या माफीपर्यंत. मग वाचायला काही उरलं नाही.

मागं कुठंतरी कोंबडी ओरडली. मी म्हटलं, "आक्का?"

"हाय."

माझ्याबद्दल ती काहीच बोलली नाही. चांगलं नाही, वाईट नाही.

"पुन्यांदा वाच," ती म्हणाली.

"कुठून?"

"माय तुझ्याजवळ येऊन बसती तिथून."

मी पानं मागं घेतली. चष्म्याची काच पदरानं पुसली, जागा शोधली, आणि घसा खाकरून सुरुवात केली.

"हळू वाच," आक्का म्हणाली.